मक्याच्या भिंतीपलीकडचा पंप

माघ सरत येतो. पहाटे अजून गोधडी सोडवत नाही, पण दुपारी ऊन पाठीला चावायला लागतं, कोरडा वारा सुटतो आणि कांद्याची पात हाताला कोमट लागते. या दिवसांत मला सुजाताचा फवारणीचा पंप ऐकू येतो. बॅटरीच्या पंपाचा आवाज तो केवढा! शेजारच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवावं तेवढाच. मी खुरपं ठेवते, मान वर करते, कान टवकारते. मग आठवतं की सुजाता आता पुण्याकडं राहते आणि तो पंप माझ्याच घरात, ज्वारीच्या पोत्यांशेजारी पडलेला आहे. तरी व्हायचं ते होतंच. एक कळ येते, फार जुन्या ओळखीची. तिला हेवा म्हणतात हे मला कुणी सांगायची गरज नाही.

सुजाता माझी धाकटी जाऊ. आमचं गाव लिंबागणेशच्या पलीकडं, डोंगराच्या उतरणीला. वाटणी झाली तेव्हा विहिरीखालच्या वावरात मधोमध बांध घातला. उगवतीकडचं आम्हाला आलं, मावळतीकडचं त्यांना. आमचे हे बीडला एका शाळेत शिपाई, सकाळच्या एसटीनं जायचे ते दिवेलागणीला परत. भाऊजी पुण्याजवळ कारखान्यात, भीमजयंतीला आणि दिवाळीला दिसायचे. म्हणजे दोन्ही वावरांत कामाला, राखणीला आणि भांडायला आम्ही दोघीच. भांडलो मात्र कधी नाही. भांडणात निदान मन मोकळं होतं. आमच्यात तेवढंही झालं नाही.

आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना जिची सत्ता चालायची ती एकच बाई, आमच्या सासूबाई. आम्ही दोघी त्यांना आत्याबाई म्हणतो. आत्याबाईंनी जन्मात कुणाला तोंडावर चांगलं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. माझं बाळंतपण झालं, गोरापान मुलगा झाला, तर म्हणाल्या, "पान्याची पाळी आपली हाय का आज?" पुरणपोळी खाल्ली की ताट सरकवायच्या, बस. ताट रिकामं असलं की आपण समजून घ्यायचं.

पण आत्याबाईंची एक रीत होती. आमच्या घरात कांद्याचं बी विकत आणत नाहीत. फिक्या लाल रंगाचा, चपटा नव्हे आणि उभाही नव्हे असा आमचा घरचा कांदा आहे, आत्याबाईंच्या सासूपासून चालत आलेला. कांद्याचं बी ठेवून टिकत नाही, पुढच्या वर्षी ते नीट उगवतच नाही. त्यामुळं दरसाल कांदे निवडावे लागतात. ते पावसाळाभर जपायचे, थंडीच्या तोंडाला पुन्हा लावायचे, त्यांना पांढऱ्या फुलांचे गोंडे येऊ द्यायचे आणि त्यातून नवं काळं बी झाडून घ्यायचं. हे निवडायचं काम आत्याबाईंचं. कांद्याच्या माना पडल्या की त्या काठी टेकत दोन्ही वावरांतून फिरायच्या. एखादा कांदा उपटायच्या, मान दोन बोटांत दाबून बघायच्या, माती झटकून तळहातावर तोलायच्या आणि पसंत पडला तर लुगड्याच्या ओटीत टाकायच्या. जिच्या वावरातून ओटी भरली, तिच्याकडं त्या वर्षीचं बी. मग सगळी भावकी रोप टाकायच्या दिवसांत त्या बाईच्या दारात यायची. मुकाट बसायची, चहा प्यायची, आणि वाटीभर बी पदरात घेऊन जायची. आत्याबाई तोंडानं काहीच बोलायच्या नाहीत. जे काय म्हणायचं ते ओटीनं म्हणायच्या.

माझं लग्न झाल्यापासून ओटी माझ्या बाजूनं भरत आली होती. वाटणी झाल्यावरही काही वर्षं तसंच चाललं. मला वाटायचं, हे असंच असतं. सूर्य उगवतीला उगवतो आणि बी अक्काच्या घरी असतं. सुजाता मला अक्का म्हणते, थोरली जाऊ म्हणून.

मग एका वर्षी आत्याबाई माझ्या वावरातून काठी टेकत गेल्या, दोन-चार कांदे उपटून बघितले, बांध ओलांडला, आणि परत आल्या त्या मावळतीकडून, पोटाशी ओटी धरून. मी पात कापत बसले होते. विळा तसाच हातात राहिला. यांनी संध्याकाळी भाकरी मोडता मोडता विचारलं, "औंदा बी तिकडं का?" आणि माझ्या तोंडाकडं बघून हसले. म्हणाले, "अगं, चार कांदेच तर हायेत." चार कांदे! त्यांना काय माहीत. त्यांच्यापुढं बायका कधी मुकाट येऊन बसल्या नव्हत्या.

मला आठवतो तो हंगाम त्याच्या पुढचा. त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं. पाऊस बरा झाला होता, विहीर भरलेली होती, मुलाचं कॉलेज सुरळीत होतं. मला फक्त ओटी परत पाहिजे होती.

आणि नेमकी त्याच वर्षी सुजातानं मका लावली.

तिनं कांदा लावायच्या कितीतरी आधी वावराच्या चारी कडांनी मक्याच्या दोन-दोन ओळी टोकल्या. मला वाटलं, शेरडांना चारा होईल. मग मका गुडघ्याला आली, कमरेला आली, आणि माझ्या लक्षात आलं की मला तिचा कांदा दिसेनासा झालाय. आधी बांधावर उभं राहिलं की तिचा वाफा अन् वाफा दिसायचा. कुठं पाणी तुंबलंय, कुठं गवत माजलंय, पात केवढी झालीय, सगळं. दिवसातून कितीदा मी तिथं उभी राहायचे ते मलाच माहीत. कधी शेण टाकायच्या निमित्तानं, कधी दोरीच्या. आता समोर हिरवी भिंत. वारा आला की तिची पानं खसखसायची, जसं पलीकडं कुणी माझ्याबद्दलच बोलतंय.

शेवटी मी विचारलंच. "का गं सुजाता, मका कावून लावली एवढी?"

ती वाफ्यातून उठली, कमरेवर हात देऊन वाकलेली पाठ सरळ केली. "त्ये बारीक किडे नसतेत का अक्का, फुलकिडे? कांद्याची पात पांढरी करतेत त्ये. त्यायला लांब उडता येत न्हाई, वाऱ्यावर येतेत. मका असली की तितंच अडतेत."

"वाऱ्यावर येतेत का बांधावरून येतेत?" मी म्हणाले.

ती हसली. नुसतीच हसली. त्या हसण्याचा मी रात्रभर कीस काढला.

आमच्या घरात दृष्ट लागणं वगैरे काही मानत नाहीत. दाराला लिंबू-मिरची नाही, वावरात चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं नाही. विहारात पौर्णिमेला वंदना झाली की आत्याबाईच बायकांना सुनवायच्या, "बाबासाहेबांनी ह्यातनं बाहेर काढलं तुमाला, पुन्यांदा तितं घुसू नका." मीही मानत नाही. पण हेवा ही चीज अशी आहे की ती कुठल्याही घरात शिरते आणि आपलं शास्त्र आपणच तयार करते. मी मनाशी पक्कं धरलं की सुजाताला मडकं टांगायचं होतं. आमच्यात ते चालत नाही, म्हणून तिनं मका लावली. किड्यांचं नाव सांगायचं आणि आडोसा माझ्या नजरेला करायचा. एवढ्या मोठ्या शिवारात जिच्या नजरेची धास्ती घ्यावी अशी बाई मी एकटीच. याचा मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटली.

डोळे बंद झाले की कान तिखट होतात. माघाचा शेवट आला. दिवस तापायला लागले, पाऊस नाही, आभाळ कोरडं. फुलकिड्यांना असली हवा लई मानवते. कांद्याची पात जिथून फुटते तिथं, अगदी आतल्या बेचक्यात, ते पिवळसर किडे बसलेले असतात. शिवणाच्या टाक्याएवढेसुद्धा नसतात. पात खरवडतात, रस पितात, आणि पानावर पांढरे चकाकते चट्टे उठतात. मला हे सगळं ठाऊक होतं. पण मी बेचक्यात बघत नव्हते. मी मक्यापलीकडं ऐकत होते.

पलीकडं पंप सुरू झाला, म्हणजे सुजातानं फवारलं. सुजातानं फवारलं, म्हणजे मी मागं राहायचं नाही. पदर खोचायचा, तोंडाला ओढणी बांधायची, हौदातून पाणी घ्यायचं, बाटलीच्या टोपणानं माप टाकायचं आणि निघायचं. मग बाराचं ऊन असो, वारा असो. बीडच्या दुकानात मी कधी किड्याचं नाव सांगितलं नाही. म्हणायचे, "सगळ्यात कडक असंल ते द्या." दुकानदारानं एकदा दिलं ते दरवेळी देत राहिला. कांद्याच्या पातीवर मेणासारखी कांती असते, औषधाचे थेंब तिच्यावरून घरंगळत खाली मातीत जायचे. ते मला दिसत होतं. पण पलीकडचा पंप थांबायच्या आत माझा संपला पाहिजे, एवढाच माझा हिशोब. रात्री हाताला औषधाचा वास यायचा, साबणानं जायचा नाही. डोकं ठणकायचं. भाकरी थापताना मी मुलाला म्हणायचे, तू पीठ मळ रे आज.

तो वास अजून कुठं आला की मला तो महिना आठवतो. वाफ्याची ओली माती, भर उन्हात अंगाला चिकटलेलं पोलकं, आणि मक्याच्या आड तो संथ, न चुकणारा आवाज. तिचा पंप असा चालायचा की जणू तिला कसली घाईच नाही. हेच मला सगळ्यात जास्त खुपायचं. माणसानं कष्टानं पुढं जावं, मला चालतं. पण निवांतपणे पुढं जायचं म्हणजे काय?

आणि माझी पात चांदीची होत चालली. आधी शेंड्याला, मग अर्ध्यावर. पानं पिळल्यासारखी वाकडी झाली. मी फवारायचे, दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. किडे त्या औषधाला सरावले होते. मी सुद्धा सरावले होते म्हणा.

एका दुपारी पलीकडं पंप सुरू झाला आणि माझी बाटली रिकामी निघाली. उलटी केली, आपटली, थेंब नाही. माझा जीव कासावीस झाला. बीडला जायचं तर दिवस गेला. मग मनात आलं, ती काय मारते ते तरी एकदा बघू. बाटलीचा रंग तरी दिसेल. मी बांधावर गेले, मक्याची दोन ताटं बाजूला केली आणि अंग चोरून आत शिरले. मक्याच्या पानांनी दंडाला बारीक कापलं.

आत सुजाता माझ्याकडं पाठ करून उभी होती. पाठीवर पंप, हातात नळी. आणि नळीचं तोंड वर होतं. ती मका फवारत होती. एकेका ताटाच्या पोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, फवारा सोडत, पुढं सरकत. कांद्याकडं तिचं लक्षच नव्हतं. तिच्या मागं तो कांदा पसरला होता, गडद हिरवा, ताठ, नजर ठरू नये असा. मी कितीतरी दिवसांनी तो बघत होते, आणि मला बघवत नव्हता.

"अगं, ही मका का मारायलीस?"

ती दचकलीच. "अक्का! मला वाटलं, डुक्कर घुसलं. मकाला लष्करी अळी पडलीय. पोंगे खाऊन गेली सगळे. मका मेली तर कांद्याला आडोसा कुटून आनू?"

"मंग कांद्याला कवा मारलंस?"

"कांद्याला?" तिनं पंप बंद केला. "कांद्याला एकदाच मारलं, त्ये बी संकरातीनंतर. आता कशाला? हाय का काय तितं?"

एकदाच. मी मनातल्या मनात माझ्या रिकाम्या बाटल्या आठवल्या. त्या मी घरामागं वाळल्या तुऱ्हाट्यांच्या ढिगाखाली लपवल्या होत्या, यांना दिसू नयेत म्हणून.

सुजातानं पंप उतरवला. मक्याच्या बुडाशी काहीतरी टेकवून ठेवलं होतं ते उचललं. पाटी. तिच्या लेकीची पहिलीतली, लाकडी चौकटीची, काळी पाटी, एक कोपरा उडालेला. ती कांद्याच्या वाफ्यात उकिडवी बसली, एका रोपाखाली पाटी तिरकी धरली, आणि दुसऱ्या हातानं पात हलकेच झटकली. झोपलेल्या माणसाला उठवावं तशी. मग पाटी माझ्यापुढं धरली. काळ्यावर खडूची बारीक भुकटी सांडल्यासारखे दोन-तीन पिवळे कण होते. त्यातला एक चालायला लागला.

"हे बगा. येवढ्याला न्हाई मारत मी. येवढे असतेतच. त्यायला खानारे किडे बी असतेत, आपन सारखं मारलं की आधी त्येच मरतेत."

"मंग मारतीस कवा?"

"पाटी हालायला लागली की." तिला हे सांगण्यात काही विशेष वाटत नव्हतं. "चार ठिकानी झटकून बघायचं. सगळीकडं पाटी हालायला लागली की मंग दुसऱ्या दिवशी सकाळच्या पारी, न्हाईतर ऊन उतरल्यावर. चिकट घालायचं पान्यात, म्हंजे पातीवरून निसटत न्हाई, बेचक्यात उतरतं. अन् मागच्या बारीचं औषध पुन्यांदा न्हाई घ्यायचं, दुसरं घ्यायचं."

तिनं पाटी पदराला पुसली आणि म्हणाली, "खरं सांगू का अक्का? मला तुमच्यामुळं लई सोपं झालं औंदा. तुमचा पंप ऐकला की मी पाटी घेऊन पळतच येते. म्हनलं, अक्कानं मारलं म्हंजे किडा आला असंल. अक्का उगं मारायच्या न्हाईत."

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर मी तिला तिथंच चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. तिचा माझ्यावर विश्वास होता. मी तिचा पंप ऐकून पंप उचलत होते आणि ती माझा पंप ऐकून पाटी उचलत होती. आमचा दोघींचा जीव एकमेकींच्या आवाजात अडकलेला, आणि शेवटी कांदा हिरवा तिचाच. इतका राग मला त्या मक्याचाही आला नव्हता.

"चला, तुमच्याकडचं बघू," ती म्हणाली, आणि मी नको म्हणायच्या आत मक्यातून पलीकडं गेलीसुद्धा.

माझ्या पहिल्याच वाफ्यात ती बसली. पात झटकली. पाटी हलत होती. सगळी पाटीच चालत होती म्हटलं तरी चालेल. मी सुजाताच्या तोंडाकडं बघितलं. ती काही बोलली नाही. अरे देवा असंही नाही, अक्का हे काय असंही नाही. उठली, पाटी पुसली आणि कुठलं औषध आणायचं त्याचं नाव दोनदा सांगितलं, मी विसरू नये म्हणून. त्या क्षणी ती मला हुबेहूब आत्याबाईंसारखी दिसली.

तिची अर्धी बाटली उरली होती, ती देत होती. मी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन तीच बाटली विकत आणली. ऊन उतरल्यावर चिकट घालून फवारलं, वरच्या वर न मारता बेचक्यात. मधे खंड देऊन औषध बदलून पुन्हा एकदा. नवी पात हिरवी आली. अर्धं वावर सावरलं. पण कांदा पोसायचे दिवस निघून गेले होते, आणि गेलेले दिवस कुठल्या दुकानात मिळत नाहीत.

जयंतीच्या आधी कांदा काढून मोकळं व्हायचं अशी आमच्याकडं सगळ्यांचीच धांदल असते. वीज गेलेल्या दुपारी वावरात बसून कोवळ्या पातीबरोबर भाकरी खाणं, लेझीमच्या सरावाचा गावातून येणारा आवाज, विहाराच्या भिंतीला चाललेला निळा रंग, हे सगळं त्या दिवसांचंच. त्या वर्षी मला त्यातलं काही गोड लागलं नाही. आत्याबाई आल्या. माझ्या वावरात त्यांनी एक कांदा उपटला. मान दाबली. तोलला. बराच वेळ तोलला. मग परत वरंब्यावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. वाळलेल्या मक्यातून वाट काढत त्या पलीकडं गेल्या आणि मी पात कापत राहिले. यावेळी विळा थांबला नाही, एवढं मात्र मी सांभाळलं.

संध्याकाळी सुजाता माझ्या ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं, मिरवायला आली. ती इकडचं तिकडचं बोलली, लेकीच्या शाळेचं बोलली, आणि मग हळूच म्हणाली, "अक्का, तुमच्याजवळ आत्याबाई काय म्हनल्या का, माज्याबद्दल?"

"न्हाई बाई. त्या कवा कुनाला काय म्हनतेत?"

"न्हाई, म्हनलं, तुमी थोरल्या. तुमाला तरी म्हनल्या असतील." ती ओट्याच्या कडेचा पोपडा नखानं काढत राहिली. "एकदा तरी त्यायच्या तोंडून ऐकू वाटतं बगा. बरं हाय म्हनल्या तरी बास."

मी तिच्याकडं बघतच राहिले. पोटाशी भरलेली ओटी मिळाली आणि हिला वर शब्दही पाहिजे! हे लोभीपण बघून मला तिचा आणखीच हेवा वाटला. मी आजवर फक्त ओटीवर समाधान मानत आले होते. शब्दाची आस धरावी हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्या संध्याकाळपासून मात्र मलाही शब्द हवासा झाला.

पुढं काही वर्षं बी तिच्याकडंच राहिलं. मग भाऊजींनी बिऱ्हाड पुण्याला न्यायचं ठरवलं, पोरीच्या शिक्षणासाठी. जाताना सुजातानं वावर आम्हाला करायला दिलं. पंप दिला, बियाचा डबा दिला आणि वर ती पाटी ठेवली. "तुमीच करा अक्का, दुसऱ्याच्या हाती नगं." मी डबा घेतला. पण त्यात काय मजा? जे मी वावरात मिळवायचं ते मला निरोपाच्या गडबडीत, पिशव्या भरता भरता मिळालं. बस वळणाआड गेली. मी डबा कडेवर घेऊन घरी आले आणि ज्वारीच्या पोत्यांशेजारी ठेवून दिला.

तिच्यावाचून कांदा करायचा म्हणजे मला आधी सुचेना. पलीकडं कोण पुढं चाललंय ते कळल्याशिवाय मी भरभर खुरपू तरी कशासाठी? शेवटी मी दोन्ही वावरांना मिळून भोवतीनं मका लावली. यांनी विचारलं, "आता कुनाच्या नजरेला?" तेव्हा मी ऐकूच न आल्यासारखं केलं. सकाळी दव असताना मी पाटी घेऊन निघायचे. पाटीवर तिच्या लेकीनं कधी तरी खिळ्यानं कोरलेलं एक वाकडंतिकडं फूल आहे. त्या फुलावरून किडे चालताना मी बघितले. थोडे असले की सोडून दिले, हात शिवशिवत असताना सोडून दिले. पाटी हलली तेव्हाच पंप उचलला. सोपं नसतं ते. फवारून मोकळं होणं सोपं असतं, थांबणं अवघड. थांबताना सारखं वाटतं, कुणीतरी पुढं निघून जातंय.

गेल्या वर्षी असा कांदा आला की मका कापल्यावर रस्त्यानं जाणारे थांबायचे. फिका लाल, गोल, मान बारीक. आत्याबाईंना आता नीट दिसत नाही, बोलणंही फार उरलेलं नाही. मी त्यांना हाताला धरून वावरात आणलं. त्यांनी एक कांदा उपटला, दोन बोटांत मान दाबली, तोलला, ओटीत टाकला. मग दुसरा. मग तिसरा. ओटी भरत होती. माझ्या वावरातून, माझ्या डोळ्यांसमोर, इतक्या वर्षांनी. मी बाजूला पाटी हातात घेऊन उभी.

आत्याबाईंनी ओटी पोटाशी धरली, आभाळाकडं तोंड केलं आणि म्हणाल्या, "सुजाताचा कांदा हाय हा. लई गुनाची पोरगी. तिच्यासारका हात न्हाई कुनाचा."

तोंडानं बोलल्या. चांगल्या मोठ्यानं. माझ्या कानांनी ऐकलं.

मी त्यांना घरी आणलं, घोंगडीवर बसवलं, ओटीतले कांदे परातीत मोकळे केले. त्यांना पाणी दिलं. मग मागच्या दारी गेले आणि पाटी दगडावर आपटणार होते, पण आपटली नाही. पुढच्या हंगामाला लागली असती.

परवा सुजाताचा फोन आला. या दिवसांत तो येतोच. तिथं दुसऱ्या मजल्यावर तिची दोन खोल्यांची जागा. म्हणाली, दुपारी वारा सुटला की माझा जीव लागत नाही. म्हणाली, कांदा इथं पिशवीत मिळतो अक्का, तुमची चैन आहे. मी म्हणाले, व्हय, हाय खरी. पाटीवर किडे किती, तिनं विचारलं. मी सांगितलं. अजून थांबा, ती म्हणाली. थांबलेच आहे, मी म्हणाले.

मग तिचा आवाज खाली आला. "अक्का, मागच्या सालची वटी तुमच्याकडनं भरली म्हनं आत्याबाईंनी. तवा काय म्हनल्या का त्या?"

बाहेर वाऱ्यावर मका खसखसत होती. आत आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून. त्या आता दिवसाकाठी एखादा शब्द बोलतात, तोही पाण्यासाठी.

"न्हाई," मी म्हणाले. "काय बी न्हाई म्हनल्या."

पलीकडं ती हसली. हलकं, सुटल्यासारखं हसली. म्हणाली, "मंग बरं हाय. मला सालभर वाटायलं होतं, तुमाला म्हनल्या असतील."

फोन ठेवला, पाटी उचलली आणि मी कांद्यात जाऊन बसले.